निम्म्या दरातला श्रावण

श्रावण लागला की मला राग येतो. लोकांना म्हणे या महिन्यात हिरवं दिसतं, ऊन-पावसाचा खेळ दिसतो. मला मोबाइल दिसतो. आज सकाळी चहाचा कप तोंडाला लावतोय तेवढ्यात तो थरथरला. ‘श्रावण धमाका! झीरो अल्कोहोल बिअर, एकावर एक फ्री.’ खाली चित्र. तीच हिरवी बाटली, तोच फेस, बाटलीच्या अंगावरून ओघळणारे तेच थेंब. फक्त दारू तेवढी नाही. म्हणजे वाघाचं कातडं, वाघाच्या मिश्या, वाघाची डरकाळी, सगळं घरपोच. वाघ तेवढा भाद्रपदात पाठवतो, काळजी करू नका.

मी फोन सोफ्यावर आपटला. जमिनीवर आपटत नाही, हप्ते चालू आहेत. आतून बायको म्हणाली, “लागला वाटतं तुमचा श्रावण.”

लागला. या रागाचं कारण पेणपासून रोह्यापर्यंत निम्म्या लोकांना ठाऊक आहे, आणि लग्नाकार्यात जेवणं झाली की ते मलाच माझी गोष्ट सांगायला लावतात. उरलेल्या निम्म्यांसाठी आज लिहून टाकतो. हसून घ्या एकदाचे.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. कोकणात जायचे रूळ रोह्याच्या पुढे अजून पडत होते आणि आमची गाडी रोह्यालाच दमून थांबायची. मी तिथल्या एका केमिकल कंपनीत परचेस खात्यात कारकून. राहायला पेणला, रामवाडीत. परचेसच्या माणसाला जगात एकच देव, कमी दर. ड्रम घ्यायचे असोत, सुतळी असो की मोठ्या साहेबांच्या केबिनचा पडदा, तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची आणि सगळ्यात खालच्या दरावर लाल टिक करायची. मला ती टिक करताना जो आनंद व्हायचा तो मी इथे लिहीत नाही, घरचे वाचतात. पुढे पुढे ही खोड हाडात उतरली. स्वतःच्या लग्नात मी वाजंत्र्यांची तीन कोटेशनं घेतली होती. सगळ्यात स्वस्त ताफा आला आणि वरमाला घालताना त्यातला सनईवाला जेवायला गेलेला होता. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

बबन माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच कंपनीत बॉयलरवर. तोही रामवाडीचाच, माझ्या घरापासून हाकेवर. जनरल शिफ्ट सुटली की कंपनीची बस आम्हाला रोहा स्टेशनाजवळ सोडायची आणि पेणची गाडी यायला भरपूर वेळ असायचा. त्या मधल्या वेळातच सगळा घात होता. पावसाळ्यात प्लॅटफॉर्मवरची शेड अशी गळायची की छत्री उघडून बाकावर बसावं लागे. कुंडलिका नदी तांबडी होऊन वाहत असायची. पाऊस आला की कारखान्यांच्या वसाहतीतला गॅसचा वास वर न जाता खाली बसायचा आणि ओल्या शर्टात शिरायचा. मला अजून कुठे तसला आंबट, खवखवता वास आला की पाय आपोआप स्टेशन रोडकडे वळतात. स्टेशन रोडवर दामूशेठचा बार होता. कोरडा, उबदार, लाल बल्बाचा. वर्षातले अकरा महिने आमचा तो मधला वेळ दामूशेठकडे जायचा. माझा एका ग्लासात संपायचा. बबनचा संपायचाच नाही. कित्येकदा मी त्याला काखेत धरून गाडीत चढवला आहे, आणि पेणला उतरवून त्याच्या बायकोच्या, सुनंदावहिनींच्या, दारात पोचवला आहे, पार्सल पोचवावं तसा. वहिनी दार उघडायच्या, बाजूला व्हायच्या.

त्या वर्षी आषाढात बबनच्या पोरीला ताप आला. बबनला रोह्याहून औषध आणायला सांगितलं होतं. त्याने औषध घेतलंही. मग ते दामूशेठच्या टेबलावर राहिलं. रिकाम्या हातांनी, गाणं म्हणत हा घरी पोचला. पोर बरी झाली, शेजाऱ्यांनी धावपळ केली; पण तिला घेऊन वहिनी खाडीकडच्या गावी, माहेरी निघून गेल्या. त्यांच्या घरचे मिठागरावर काम करणारे. बबन दुसऱ्या दिवशी तिकडे गेला तेव्हा दारातच वहिनी म्हणाल्या, “श्रावण आख्खा कोरडा काडून दाखव. मंग गनपतीला येते. नायतर तुजा तू, माजी मी.”

आमच्याकडे श्रावण लागायच्या आदल्या अमावस्येला माणसं महिनाभराची पिऊन घेतात, उंट पाणी भरून घेतो तशी. त्या गटारीला बबन कुणाच्या घरी गेला नाही. माझ्या ओटीवर बसून राहिला, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मी म्हटलं, “मी पण धरतो तुझ्याबरोबर. सोबत.” यात माझा त्याग फार नव्हता. मी पिण्यापेक्षा चखण्याचा गडी.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी गळक्या शेडखाली बबन म्हणाला, “भाऊ, ह्या टायमाला हात रिकामा राहिला ना, का भ्याव वाटतं. कायतरी धरायला दे रे हातात. गार, ओलं, कायपन.”

एवढंच मागितलं होतं त्याने. धरायला काहीतरी. आणि मागितलं कुणाकडे, तर परचेसच्या माणसाकडे. मी मनातल्या मनात फाइल उघडली. विषय, थंड पेय. नग दोन, रोज. तीन कोटेशनं.

पहिलं कोटेशन, एसटी स्टँडसमोरचा गोटीसोडावाला. बाटली फोडली की ‘ठुप्’ असा आवाज, मग जिऱ्याचा वास नाकात. झकास. पण दर पाहून माझ्यातला कारकून जागा झाला.

“पावसात सोडा कोण पितं? दर कमी करा.”

“पावसात कोन पीत नाय, म्हनून तर बाटल्या भरून वाट बगत बसाया लागतं,” तो म्हणाला. “त्या बसन्याचे कोन देनार? तुमी?”

“महिनाभराची ऑर्डर देतो.”

“महिनाभर सोडा पिऊन तुमालाच गॅस होतील. मी कशाला पापात पडू?”

बसायला जागाही नव्हती. छत्रीखाली उभं राहून प्यायचं आणि आपल्याच बाटलीत पागोळ्यांचं पाणी पडताना बघायचं. मला राग आला, आणि अजून येतो. दारू पिणाऱ्याला ही दुनिया चणे फुकट देते, शेंगदाणे फुकट देते, बसायला गादी देते, ‘शेठ’ म्हणते, उलटी केली तर पुसायला माणूस ठेवते. आणि ज्याने सोडली त्याला? उभं राहा. बर्फाचे वेगळे. बाटली इथेच ठेवून जा. शुद्धीत राहायचं ठरवलेल्या माणसासाठी या दोन तालुक्यांत मिळून एक खुर्ची नव्हती!

दुसरं कोटेशन मी घरगुती काढलं, आणि त्याची आठवण काढली की बबनचं तोंड अजून वाकडं होतं. कोकमाचं सरबत महाग पडत होतं. आगळ स्वस्त होतं, कारण ते खारवलेलं, सोलकढीसाठी असतं. रायगडात जन्मलेल्या माणसाला हे आईच्या दुधाबरोबर कळतं. मलाही कळत होतं. पण दरातला फरक बघून मी ठरवलं की आगळात साखर घातली की झालं सरबत. बाटली भरून मी रोह्याला नेली. बबनने गळक्या शेडखाली मोठा घोट घेतला. मग म्हणाला, “भाऊ, सासऱ्याच्या मिठागरात पडल्यागत वाटतंय. वर गुलाबजाम खाऊन.”

ते सगळं रुळांवर ओतलं. त्या दिवसांतली पेणची संध्याकाळ मला फार आठवते. गाडीतून उतरून घरी जाताना मूर्तींचे कारखाने लागायचे. दारं अर्धी लोटलेली, आत रांगेने पांढरे गणपती, ओल धरलेले. हवेतल्या दमटपणाने वाळत नाहीत म्हणून खाली मोठाले दिवे लावलेले. ओल्या मातीचा, काथ्याचा, रंगाचा वास रस्त्यापर्यंत यायचा. डोळ्यांची आखणी शेवटी होते, त्यामुळे श्रावणातले ते सगळे गणपती आंधळे. बबन रोज एका दारापाशी थांबायचा. एकदा म्हणाला, “पोरीला ह्यातला उंदीरच आवडतो. गनपती नाय.” मी म्हटलं, “आणू या ना.” तो म्हणाला, “ती तर येऊ दे.”

हे मी ऐकलं होतं. नीट, दोन्ही कानांनी. आणि तरी दुसऱ्या दिवशी तिसरं कोटेशन मिळाल्यावर मला हर्ष झाला.

दामूशेठच्या दारात पाटी लागली होती. ‘श्रावण स्पेशल. सर्व थंड पेये निम्म्या दरात. शेंगदाणे फ्री.’ मी ती पाटी परत परत वाचली. लिंबूसोडा, जिरासोडा, ऑरेंज, सगळं निम्म्याने! वर छप्पर, खाली गादी. असा दर मला आयुष्यात कुठल्या व्यापाऱ्याने दिला नव्हता. डोक्यात लाल टिक झाली.

“इथं नको रे,” बबन उंबऱ्यात म्हणाला.

“अरे, सोडाच प्यायचाय ना? सोड्याला काय माहीत आपण कुठे बसलोय?”

हे वाक्य मला तेव्हा फार हुशार वाटलं होतं.

आम्ही बसायला लागलो. तेच टेबल, तीच खुर्ची, तेच जाड बुडाचे ग्लास. पोरीचं औषध राहिलं होतं ते हेच टेबल, हेही माझ्या लक्षात आलं नाही. श्रावणातही पिणारे असतातच. शेजारच्या टेबलावर रमची बाटली उघडली की तो गोडसर, जळका वास आमच्या सोड्यावर येऊन बसायचा. बबन ग्लास दोन्ही हातांनी धरायचा, थंडीत चहाचा कप धरतात तसा. घोट घ्यायचा नाही फारसा. नुसता धरायचा. मी शेंगदाणे खायचो आणि आज किती वाचले ते त्याला सांगायचो. मला वाटायचं तो ऐकतोय.

श्रावण उतरणीला लागला तेव्हा एका संध्याकाळी दामूशेठ स्वतः टेबलापाशी आला. हातात भरलेला पेग. तो त्याने बबनच्या सोड्याशेजारी ठेवला, अगदी हळू, देवापुढे वाटी ठेवावी तसा.

“बबनशेठ, झाला की श्रावण आता. हा माझ्याकडनं.”

बबन त्या ग्लासाकडे बघत राहिला. मी शेंगदाणा तोंडात ठेवून थांबलो, चावला नाही. मग बबनने बोटाच्या टोकाने तो ग्लास टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला, एखादा विंचू सरकवावा तसा. बाहेर पडल्यावर पावसात उभा राहून तो म्हणाला, “भाऊ, उद्यापासून भायेर बसू. त्या सोडावाल्याकडं. हुबं राहू, चालंल.”

आणि मी म्हटलं, “अरे, पण तिथे पुरा दर आहे.”

बबन दुसऱ्या दिवशी मुकाट माझ्यामागून बारमध्ये आला. माझ्यासाठी आला. मी सोबत धरली होती ना त्याच्याबरोबर, त्याची लाज त्याला. माणूस दारूला नाही म्हणू शकला होता. मला म्हणू शकला नाही.

वहिनींचा भाऊ मिठाच्या ट्रकवर होता. ट्रक रोह्यात आला, त्याने आम्हाला दामूशेठकडे शिरताना पाहिलं. एवढं पुरे होतं. तिकडे खाडीकडे बातमी पोचली ती ‘बसलेला’ अशीच पोचणार. बसलेला म्हटलं की पुढे विचारायचं काय राहतं?

त्यानंतरच्या संध्याकाळी बारच्या दारातला उजेड अडला. मी वर पाहिलं. सुनंदावहिनी. डोक्यावर पदर, पदरावर पाऊस, हातात ओली पिशवी. मागे भाऊ, पण तो उंबऱ्याबाहेर थांबला. त्या काळात रोह्याच्या बारमध्ये बाई शिरणं म्हणजे काय, ते त्या खोलीने गप्प होऊन सांगितलं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. एका म्हाताऱ्याने आपला ग्लास उगाच पेपराखाली लपवला.

त्या सरळ आमच्या टेबलापाशी आल्या. बबन उठून उभा राहिला, शाळेत राहायचा तसा. वहिनींनी त्याचा ग्लास उचलला. वास घेतला. मग तोंडाला लावला आणि सगळ्यांच्या देखत, न थांबता, तळापर्यंत प्यायल्या. ग्लास खाली ठेवला. पदराने तोंड पुसलं.

“लिंबू हाय,” त्या भावाकडे वळून म्हणाल्या. “मीठ लय टाकलंय.”

भाऊ बाहेर खाली मान घालून उभा. बबनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण आवाज नव्हता.

“एवडे दिस यो पितस?”

बबनने मान डोलावली.

“मंग हितं का? ह्या खुर्चीवं? गावात दुसरीकडं लिंबू मिलत नाय?”

बबनने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाचवत होता तो. माझ्याकडे बघितलं असतं तर माझं नाव पुढे आलं असतं. आणि नेमकं तेव्हा, कुणी विचारलेलं नसताना, मी बोललो.

“वहिनी, इथे निम्मा दर आहे.”

सगळा बार हसला. पेपराखाली ग्लास लपवलेला म्हाताराही हसला. फक्त वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या तोंडातला शेंगदाणा खारट व्हायचा विसरला.

“भावोजी,” त्या म्हणाल्या, “माजा मानूस हितं जीव धरून बसला, न् तुमी दर बगत व्हते?”

मग त्या गल्ल्यापाशी गेल्या. “लिंबूसोड्याचा पुरा दर किती?”

दामूशेठ गडबडला. “वहिनी, ऑफर आहे. निम्मा द्या. नाहीतर राहू दे.”

“मी पुरा इचारला.”

त्याने सांगितला. त्यांनी ओल्या पिशवीतून पैसे काढून गल्ल्यावर ठेवले. “यो पुरा घे. माज्या मानसावर तुजी सवलत नको. उद्या त्येचं कायबी मागाया येशील.”

आणि गेल्या. बबन मागोमाग गेला. उंबऱ्याशी त्याच्या पायातून चप्पल निसटली, ती घ्यायलाही तो वळला नाही, भावाने उचलली. मी खिडकीतून पाहिलं, तिघं पावसात एसटी स्टँडकडे चालले होते. गाडीची वेळ झाली होती, पण आज बबनला गाडी नको होती.

मी तिथेच बसलो होतो. रागाने माझे कान तापले होते. दामूशेठवर खेकसलो, “कशाला लावता ही पाटी? काय मिळतं तुम्हाला निम्म्या दरात?”

दामूशेठ वाईट माणूस नव्हता, हेच वाईट होतं. टेबल पुसत पुसत शांतपणे म्हणाला, “सोड्यात काय मिळणार, साहेब? उलट जातंच. पण खुर्ची महिनाभर रिकामी राहिली ना, की गिऱ्हाईक घरी बसायला शिकतं. ते एकदा शिकलं की माझं वर्ष गेलं. खुर्ची गरम ठेवायला लागते.” मग फडकं खांद्यावर टाकून त्याने विचारलं, “तुमचं काय करू? पुरं लावू, का निम्मं?”

मला वाटतं तुम्हाला उत्तर आलंच असेल. मी निम्मे दिले.

या एका गोष्टीचा राग मला इतकी वर्षं पुरला आहे. दामूशेठचा राग, त्या हसणाऱ्या बारचा राग, उभं राहून प्यायला लावणाऱ्या सोडावाल्याचा, गळक्या शेडचा. पण खरा राग त्या हाताचा, जो वहिनींचे पुरे पैसे गल्ल्यावर पडलेले बघूनही खिशात निम्मेच मोजत होता. आणि आज सकाळच्या त्या हिरव्या बाटलीचा. दामूशेठ निदान तोंडावर सांगत होता खुर्ची गरम ठेवतो म्हणून. ही मंडळी हात गरम ठेवतात. महिनाभर बोटांना बाटलीचा आकार विसरू द्यायचा नाही, जिभेला फेस विसरू द्यायचा नाही, आणि वर म्हणायचं, आम्ही तुमच्या व्रताचा मान राखतो. कुठल्यातरी काचेच्या ऑफिसात माझ्यासारखाच एखादा कारकून बसून लाल टिक करत असेल. त्याला माझ्याकडून दोन शिव्या, पुऱ्या दरात.

बबन आठवडाभर गाडीत माझ्याशी बोलला नाही. दारात उभा राहून प्रवास करायचा, पाठ माझ्याकडे. मग एके दिवशी पेणला उतरल्यावर त्या कारखान्यापाशी थांबला आणि न वळता म्हणाला, “चल, उंदीर बगू.” वहिनी गणपतीला आल्या, पोरीला घेऊन. पुढे बबन कायमचा सुटला असं लिहायला मला आवडलं असतं. मध्ये दोनदा घसरला, वहिनी दोनदा माहेरी गेल्या, तो दोनदा आणायला गेला. आता मात्र बरीच वर्षं कोरडा आहे. पण घसरला तेव्हाही दामूशेठच्या खुर्चीत तो परत बसला नाही.

आज दुपारी तो मेसेज दाखवायला मी बबनकडे गेलो. तावातावाने वाचून दाखवला. बबन ओटीवर बसून ऐकत होता, दोन्ही हातांत कोकमाचा ग्लास, अजून तसाच धरतो. सगळं ऐकून म्हणाला, “दुसऱ्या दुकानात काय दर हाय?”

“आणखी दोन दुकानांत विचारला. तिथे महाग आहे,” मी म्हणालो. आणि मग जीभ चावली.

बबन इतका हसला की ग्लास हिंदकळला. वहिनी आतून आल्या. केस पिकले आहेत, नजर तीच आहे. त्यांनी माझ्यापुढे काठोकाठ भरलेला कोकमाचा ग्लास ठेवला.

“घ्या भावोजी. निम्मा नाय हां. पुरा हाय.”

मी रागारागाने तो तळापर्यंत प्यायलो. गोड होता. मीठ अगदी बेताचं होतं.